‘डिव्हाइस बिझी’चा धनी शोधून देणाऱ्यास

सप्रेम नमस्कार,

लिनक्सवर दोन प्रोग्रॅमना एकदम आवाज मिळत नाही, ‘डिव्हाइस बिझी’ येतं म्हटलं की सल्ला ठरलेला: साउंड सर्व्हर (सगळ्यांचे आवाज एकत्र करून साउंड कार्डाकडे पाठवणारा प्रोग्रॅम) उडवून टाका, नाहीतर मशीन रीस्टार्ट करा. तुम्ही आधी एवढंच विचारलंत, ‘डिव्हाइस धरून कोण बसलंय?’ त्या एका प्रश्नासाठी मनापासून आभार.

‘/डेव्ह/एसएनडी’ या साउंड कार्डाच्या फोल्डरमधल्या फाइलींवर फ्यूझर (फाइल कोणी उघडलीय ते सांगणारी कमांड) चालवायचा, तोही सुडो लावून, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने. साध्या युजरला दुसऱ्याच्या प्रोसेसनी उघडलेल्या फाइली दिसत नाहीत, म्हणून यादी अपुरी येते आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. यादीतल्या ‘कंट्रोलसी0’कडे लक्ष देऊ नका, ही तुमची ताकीदही मोलाची. ती आवाज कमी-जास्त करायची फाइल, कितीही जणांनी उघडली तरी बिघडत नाही. बघायची ती ‘पीसीएमसी0डी0पी’: कार्ड 0, डिव्हाइस 0, प्लेबॅक. माइक असेल तर शेवटी पी नाही, सी.

तिथे निघाला म्युझिक डेमन, म्हणजे मागे गुपचूप चालणारा गाणी वाजवणारा प्रोग्रॅम. वेगळ्या युजरखाली चालणारा, आउटपुट थेट ‘एचडब्ल्यू:0,0’. आल्सात (लिनक्सची मूळ साउंड यंत्रणा) हे नाव दिलं की मधे आवाज एकत्र करणारा मिक्सर उरत नाही, आणि बहुतेक ऑनबोर्ड चिपमध्ये हार्डवेअर मिक्सिंग नसतंच. जो पहिला आला त्याचं कार्ड, बाकीच्यांना ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’.

पण मग कधी चालतं, कधी नाही, असं का? याचं उत्तर तुमच्याइतकं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं. काही वाजत नसेल तर पाइपवायर, म्हणजे आमचा साउंड सर्व्हर, साधारण 5 सेकंदांनी कार्ड सोडतं. त्या फटीत डेमन शिरला की ब्राउझर मुका. ब्राउझर आधीच वाजत असेल तर डेमन ताटकळतो. डीमिक्स या आल्साच्या सॉफ्टवेअर मिक्सरनेही हे सुटत नाही. पाइपवायरने कार्ड थेट उघडलेलं असताना डीमिक्सलाही दार बंदच.

तुमचा उपाय त्यामानाने साधा. डेमन सिस्टिम सर्व्हिसमधून काढून लॉगिन केलेल्या युजरची सर्व्हिस करायचा आणि त्याचं आउटपुट ‘पल्स’वर, म्हणजे पाइपवायरमधून जाणाऱ्या वाटेवर न्यायचं. जुन्या प्रोग्रॅमना फक्त आल्सा कळतं. त्यांच्यासाठी पाइपवायर-आल्सा पॅकेज टाकायचं आणि डिव्हाइसच्या जागी ‘डिफॉल्ट’ लिहायचं. मग काहीतरी वाजत असताना पुन्हा फ्यूझर चालवला तर ‘पीसीएमसी0डी0पी’वर एकटं पाइपवायर दिसायला हवं.

साउंड कार्ड थेट वापरायची मुभा देणाऱ्या ‘ऑडिओ’ ग्रुपमधून युजरचं नाव काढायला लावलंत, तेव्हा मात्र भुवया उंचावल्या होत्या, कारण जुन्या गाइडमध्ये नेमकं उलटं सांगतात. पण त्या ग्रुपमधला युजर पडद्यावर नसला तरी कार्ड धरू शकतो, आणि युजर बदलला की पुन्हा तेच ‘बिझी’. नाव काढल्यापासून युजर बदलला तरी आवाज जात नाही.

कळावे,
एकाच साउंड कार्डावर नांदणारे आम्ही सगळे