व्यापार करारांचा मसुदा मंजुरीआधी लोकांपुढे ठेवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परराष्ट्र धोरण आणि व्यापार करार हे तज्ज्ञांचे काम, सामान्य मतदाराला त्यातले काय कळणार, असा सूर प्रत्येक करारावेळी लागतो. भारत आणि एफ्टा (स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिक्टेनस्टाइन या चार युरोपीय देशांचा व्यापार गट) यांच्या करारावर 10 मार्च 2024 रोजी दिल्लीत सह्या झाल्या आणि 1 ऑक्टोबर 2025 पासून तो लागू झाला. मधल्या काळात स्विस संसदेने तो मंजूर केला आणि नंतर 100 दिवस तो नागरिकांसाठी खुला राहिला. त्या मुदतीत 50 हजार मतदारांनी विरोधात सह्या दिल्या असत्या, तर देशभर मतदान घ्यावे लागले असते. तशी वेळ आली नाही.

आपल्याकडे संसदेत त्यावर मतदानही झाले नाही. राज्यघटनेच्या कलम 73 नुसार करार करणे हा केंद्र सरकारचा अधिकार आहे आणि कलम 253 चा (करारासाठी कायदा करण्याच्या संसदेच्या अधिकाराचा) प्रश्न येतो तो अंमलबजावणीसाठी कायदा लागला तरच. भूभाग सोडायचा असेल तर घटनादुरुस्ती लागते, म्हणून बांगलादेशाबरोबरचा 1974 चा सीमा करार 2015 पर्यंत रखडला. आयात शुल्क कमी करायला मात्र साधी अधिसूचना पुरते. शेती राज्यसूचीत असली तरी राज्यांना विचारण्याची सक्ती नाही.

मतदार विचारात घेतला की करार कसा बदलतो, हे इंडोनेशियाबरोबरच्या एफ्टा करारात दिसते. पामतेलासाठी जंगले तोडली जातात, यावरून स्वित्झर्लंडमध्ये वाटाघाटी चालू असतानाच विरोध होता. म्हणून करारात पामतेलाला सरसकट सूट दिली गेली नाही. शुल्क 20 ते 40 टक्क्यांनी कमी होणार, पण फक्त शाश्वत उत्पादनाचे प्रमाणपत्र असलेल्या तेलाचे. आणि तेल कुठून आले याचा माग राहावा म्हणून ते 22 टनांच्या टाक्यांतूनच आणायचे. तरीही विरोधकांनी सह्या गोळा केल्या. मतदानाच्या तीन-चार आठवडे आधी प्रत्येक मतदाराच्या घरी पुस्तिका गेली, तिच्यात सरकारची बाजू होती तशी विरोधकांचीही होती. 7 मार्च 2021 रोजी 51.6 टक्के लोकांनी होकार दिला. तज्ज्ञांनी मसुदा केला, लोकांनी तो तपासला. यात कोणाचाही अपमान झाला नाही.

हीच पद्धत फसतेही, आणि ते सांगायलाच हवे. फेब्रुवारी 2014 मध्ये त्याच स्विस मतदारांनी स्थलांतरितांवर वार्षिक मर्यादा घालण्याच्या बाजूने 50.3 टक्के मते दिली. युरोपीय संघाबरोबरचा मुक्त संचाराचा (एकमेकांच्या नागरिकांना राहू आणि काम करू देण्याचा) करार मोडायचा की नाही, याचे उत्तर त्या मजकुरात नव्हते. संघाने संशोधन आणि विद्यार्थी-देवाणघेवाणीच्या वाटाघाटी थांबवल्या. शेवटी डिसेंबर 2016 मध्ये संसदेने बराच सौम्य कायदा करून वेळ निभावली. प्रश्न अर्धवट असेल तर कौलाची अंमलबजावणी अडते. त्यामुळे मी भारतात सार्वमत मागत नाही. मागणी एवढीच, की पक्का मसुदा मंजुरीआधी लोकांपुढे यावा.

लोकांना त्यातले कळते का? आरसेप या आशिया-प्रशांत देशांच्या व्यापार कराराच्या वेळी दूध उत्पादकांनी न्यूझीलंडच्या दूध पावडरीला विरोध केला, तेव्हा त्यामागे रोजचा हिशेब होता. शंभर लिटर गायीच्या दुधातून साडेआठ-नऊ किलो पावडर आणि थोडे लोणी निघते. पावडरीचा भाव पडला की सहकारी दूध संघ आणि खासगी डेअऱ्या 3.5 फॅट, 8.5 एसएनएफच्या (फॅट सोडून इतर घनपदार्थांच्या) दुधाचा खरेदीदर लगेच खाली आणतात. करारामुळे एकूण व्यापार किती वाढेल हे अर्थतज्ज्ञ सांगू शकतो. घसरण गोठ्यापर्यंत किती दिवसांत पोहोचते, हे उत्पादकच सांगू शकतो. 4 नोव्हेंबर 2019 ला बँकॉकमध्ये भारत त्या करारातून बाहेर पडला. तो निर्णय बरोबर होता की नाही, यावर मतभेद असू शकतात, पण दूध उत्पादकांचे म्हणणे अडाणीपणाचे नव्हते. एफ्टा करारातही दूध आणि सोया सवलतींबाहेर ठेवले गेले.

ऑस्ट्रेलियात करार राष्ट्रहिताच्या टिपणासह संसदेत मांडला जातो आणि संयुक्त समिती नागरिकांची लेखी निवेदने मागवते. आपल्याबरोबरचा 2022 चा व्यापार करारही तिथे या चाळणीतून गेला. इथेही हे नवा कायदा न करता जमेल. सही झाल्यावर मंजुरीपूर्वी 60 दिवस ठेवावेत, शुल्क सवलतींचे तक्ते मराठीसह भारतीय भाषांत यावेत आणि वाणिज्य खात्याच्या स्थायी समितीने दूध, सोयाबीन, द्राक्ष उत्पादकांना साक्षीसाठी बोलवावे. या समितीत लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10 सदस्य असतात. महाराष्ट्रातून त्यात जे खासदार असतील, त्यांनी पुढच्या करारावेळी ही मागणी लेखी करावी.

– एक वाचक, संगमनेर