शोकांतिकेला अपघात पुरत नाही

संपादक महाशय,

स.न.वि.वि.

नुकत्याच पाहिलेल्या एका हौशी नाटकात शेवटच्या पंधरा मिनिटांत नायकाची नोकरी गेली, आईला असाध्य रोग जडला आणि मुलगा अपघातात दगावला. शेजारच्या बाई डोळे पुसत होत्या, हे खरे. पण पडदा पडताच आम्ही सारे वडापावच्या गाडीकडे वळलो आणि तिथे कोणी नाटकाचा विषयही काढला नाही.

दुःखाचा ढीग रचला की शोकांतिका होते, हा समज आपल्या नाट्यस्पर्धांतून बोकाळला आहे. नाटककार राम गणेश गडकऱ्यांच्या निधनानंतर १९१९ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलेल्या ‘एकच प्याला’तही मृत्यू थोडे नाहीत, तरी ते उपरे वाटत नाहीत. सुधाकर हा बुद्धिमान आणि विलक्षण मानी वकील. कोर्टातला अपमान आणि सनदेवरची तात्पुरती बंदी सोसून दुसरा एखादा चार दिवस चडफडला असता आणि पुन्हा कामाला लागला असता. सुधाकराला ते साधत नाही, कारण ज्या मानीपणाच्या बळावर तो उभा असतो तोच त्याला स्वस्थ बसू देत नाही, आणि नेमका त्याच वेळी दारुडा तळीराम दारूचा प्याला पुढे करतो. पुढे दारू सोडण्याचा निश्चय करून तो कामाच्या शोधात निघतो, तेव्हा जुन्या ओळखीचे लोकच त्याला झिडकारतात आणि तीच जखम पुन्हा उघडते. हा विनाश टळू शकला असता, पण या माणसाकडून टळणे नव्हते, असे आपल्याला मनोमन पटते. योगायोग आरंभी खपतो. शेवटी आणला की नाटककाराची अडचण तेवढी दिसते.

तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाला, म्हणजे दारुड्यांच्या टोळक्याला, प्रेक्षागृहात हमखास हशा मिळतो. तो गडकऱ्यांनी जाणूनबुजून पेरला असावा, कारण पुढे आपल्याच हसण्याची आपल्याला लाज वाटू लागते.

सुधाकराची बायको सिंधू हिच्याबाबत मात्र माझी तक्रार आहे. मरतानाही नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटी जबानी देणारी ही स्त्री इतकी निर्दोष रंगवली आहे की तिचा कळवळा येतो, पण ते खोटे बोलणे तिने स्वतः पत्करले आहे असे वाटत नाही. आज प्रयोग करणाऱ्यांना संहितेला हात न लावताही ही उणीव भरून काढता येईल. त्या जबानीआधी अभिनेत्रीने घेतलेला एक दीर्घ विराम पुरे आहे.

आपला,
एक नाट्यप्रेमी वाचक, मिरज