संगणक अभ्यासक्रमांतील प्रात्यक्षिक वहीतून यंत्रावर यावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

बारावीचे निकाल लागले, की बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स आणि त्यांच्या जोडीला वेब डेव्हलपमेंट, नेटवर्किंग अशा अभ्यासक्रमांच्या प्रवेशाचे फलक जतपासून कराड-साताऱ्यापर्यंत चौकाचौकांत लागतात. मी सांगलीत गेली एकवीस वर्षे नेटवर्किंगची कामे करतो. पतसंस्था, मिरजेतील दवाखाने, मार्केट यार्डातील हळदीच्या पेढ्या अशा ठिकाणी केबल टाकणे, स्विच व राउटर (संगणक आणि जाळी एकमेकांना जोडणारी यंत्रे) बसवणे आणि सर्व्हर सांभाळणे हे माझे रोजचे काम. हे अभ्यासक्रम पूर्ण केलेली मुले-मुली दरवर्षी माझ्याकडे कामासाठी येतात. त्यांच्याशी बोलताना जे दिसते, ते आपल्या वाचकांपुढे, विशेषतः पालक आणि प्राध्यापकांपुढे ठेवावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गेल्या वर्षी एकाच महाविद्यालयातून प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झालेले दोघे जण, जत तालुक्यातील एक मुलगी आणि तासगावकडचा एक मुलगा, मुलाखतीसाठी आले होते. दोघांनीही नेटवर्किंगचे सर्टिफाइड जर्नल, म्हणजे प्राध्यापकांच्या सहीची प्रात्यक्षिक वही, सोबत आणले होते. त्यात ‘पिंग’ या आज्ञेचा (दुसऱ्या यंत्राला छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येते ते पाहण्याचा) प्रयोग होता आणि संगणकाच्या पडद्यावर येणारे उत्तर निळ्या शाईने, सुरेख अक्षरात लिहिलेले होते. चार ओळींत ४७, ५१, ४६ आणि ४९ मिलिसेकंद, आणि प्रत्येक ओळीत टीटीएल ११९. दोन्ही जर्नलमध्ये हेच आकडे याच क्रमाने होते. दोन निरनिराळ्या यंत्रांवरून निरनिराळ्या वेळी पाठवलेल्या पिंगला चारही वेळा तंतोतंत सारखी उत्तरे येत नाहीत. म्हणजे प्रयोग कधीतरी कोणीतरी एकाने केला होता आणि बाकीच्यांनी तो उतरवून काढला होता. मी त्या मुलीला विचारले, की हा ११९ आकडा काय सांगतो? तिने प्रामाणिकपणे सांगितले, की सर्वांनी तोच लिहिला होता, म्हणून तिनेही लिहिला.

वास्तविक त्या एका आकड्यात नेटवर्किंगचा एक अख्खा धडा आहे. प्रत्येक संदेशावर टीटीएल ही एक मोजणी असते आणि वाटेत लागणारा प्रत्येक राउटर ती एकने कमी करतो. ती शून्यावर आली, की संदेश टाकून दिला जातो, त्यामुळे वाट चुकलेले संदेश जाळ्यात अखंड फिरत राहत नाहीत. विंडोज यंत्राची मोजणी सर्वसाधारणपणे १२८ पासून आणि लिनक्सची ६४ पासून सुरू होते. तेव्हा ११९ हे उत्तर आले, तर पलीकडे बहुधा विंडोज यंत्र असून ते उत्तर नऊ राउटर ओलांडून आले, असा अंदाज जागेवर बसून करता येतो. हे त्या मुलीला मी समोरच्या यंत्रावर करून दाखवले, तेव्हा तिने पुढचा अर्धा तास निरनिराळ्या पत्त्यांना पिंग करून प्रत्येक वेळी राउटर मोजले. आज ती माझ्याकडे कामाला आहे आणि तिने केलेले कनेक्शन मला पुन्हा तपासावे लागत नाही. उणीव तिच्यात नव्हती. तीन वर्षांत तिला स्वतःच्या हाताने एकही केबल क्रिंप करायला, म्हणजे तिच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवायला, मिळाली नव्हती, ही उणीव होती.

प्राध्यापकांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. यातील बहुतेक अभ्यासक्रम विनाअनुदानित आहेत आणि शिकवणारे अनेक जण तासिका तत्त्वावर काम करतात. एका यंत्रावर दोघे-तिघे बसलेले, मध्येच वीज जाते, आणि बाहेरचे परीक्षक (एक्स्टर्नल) येण्यापूर्वी सगळ्या वर्गाची जर्नले तपासून सह्या करायच्या, अशा परिस्थितीत वही पूर्ण होणे हेच प्रात्यक्षिक पूर्ण होणे ठरते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून बीसीए आपल्या कक्षेत घेतले आणि राज्यातही त्याच वर्षी या अभ्यासक्रमासाठी प्रथमच सीईटी झाली. प्रवेशाला अशी शिस्त लागत असेल, तर परीक्षेच्या टेबलावर वहीऐवजी यंत्र पाहिले जावे, ही अपेक्षा गैर नाही.

वेब डेव्हलपमेंटची स्थितीही याहून वेगळी नाही. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर लोकलहोस्टला, म्हणजे त्याच यंत्रापुरता, चालतो आणि तिथेच संपतो. एका प्रकल्पात डेटाबेस जोडण्यासाठी पीएचपीची जी जुनी आज्ञा वापरलेली मी पाहिली, ती डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ मधून काढूनच टाकलेली आहे. म्हणजे आजच्या सर्व्हरवर तो प्रकल्प उघडणारही नाही. पण तो सर्व्हरवर चढवायला कोणी सांगितलेच नव्हते, म्हणून ते कोणाच्या लक्षातही आले नाही. दुसऱ्या एका प्रकल्पात मराठी नावे साठवली, की त्यांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटत होती, कारण युनिकोडसाठी, म्हणजे देवनागरीसारख्या लिपी साठवण्याच्या प्रमाणित पद्धतीसाठी, डेटाबेस कसा तयार करावा लागतो, हे अभ्यासात आलेच नव्हते. तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्याला स्वतःचे संकेतस्थळ हवे असेल, तर त्यावरची पहिली ओळ मराठीतच असणार, आणि ती ओळ नीट दिसावी एवढे तर पदवीधराला यायलाच हवे.

आपल्या भागाची म्हणूनही काही शिकवण आहे, जी पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत सापडणार नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. पाणी ओसरल्यावर मी ज्या कार्यालयात पहिल्यांदा गेलो, तिथे सर्व्हर तळमजल्यावर टेबलाखाली होता आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच खोलीतील कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती. दोन्ही चिखलात गेली. अनेक वर्षांची खाती कागदांवरून पुन्हा भरताना तिथल्या कर्मचाऱ्यांचे जे हाल झाले, ते मी डोळ्यांनी पाहिले आहेत. रॅक (सर्व्हर व स्विच बसवण्याची चौकट) कोणत्या मजल्यावर ठेवावा, बॅकअपची एक प्रत दुसऱ्या गावी का असावी आणि ती महिन्यातून एकदा उघडून का पाहावी, हे सांगली-मिरजेत नेटवर्किंग शिकणाऱ्या प्रत्येकाला प्रात्यक्षिक म्हणून करायला लावले पाहिजे.

यासाठी मोठा खर्च लागतो, असे म्हटले जाते. माझ्या अनुभवाने ते खरे नाही. क्रिंपिंगचे साधन काही शे रुपयांना मिळते, जाळ्यातील संदेश तपासून पाहण्याचे वायरशार्क हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, आणि भंगारात काढलेल्या संगणकावर लिनक्स घातले, की शिकण्यापुरता सर्व्हर तयार होतो. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक महाविद्यालयाचे स्वतःचे नेटवर्क असतेच. कार्यालय, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा जोडणारे हे जाळे बाहेरच्या माणसाकडून दुरुस्त करून घेण्याऐवजी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडे का सोपवू नये? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग घालून दिला. त्या योजनेत विद्यार्थ्यांनी शेतात, बांधकामावर, खानावळीत कामे केली. आज त्याच योजनेत स्विच, केबल आणि महाविद्यालयाचे संकेतस्थळ सांभाळण्याचे काम बसू शकते. (याने माझ्यासारख्यांचे थोडे काम कमी होईल; त्याची मला चिंता वाटत नाही, कारण हाताखाली तयार माणसे मिळणे आमच्या धंद्यात त्याहून अवघड झाले आहे.)

विद्यापीठाने आणि महाविद्यालयांनी एवढा एक बदल तरी करावा, की नेटवर्किंगच्या परीक्षेत मुद्दाम बिघडवून ठेवलेले जाळे विद्यार्थ्याने परीक्षकासमोर दुरुस्त करावे आणि वेबचा प्रकल्प बाहेरच्या सर्व्हरवर चढवून परीक्षकाच्या मोबाइलवर उघडून दाखवावा. जर्नल लिहायचेच असेल, तर ते त्यानंतर लिहिले जावे.

सांगली-मिरज परिसरातील कोणत्याही महाविद्यालयाने कळवल्यास, शनिवारी दुपारी तेथील प्रयोगशाळेत येऊन विद्यार्थ्यांकडून केबल क्रिंप करून घेण्यास आणि बिघाड शोधण्याचा सराव करून घेण्यास मी तयार आहे. केबल आणि कनेक्टर मी आणीन, मानधन नको. विद्यार्थ्यांनी मात्र त्या दिवशी वही घरी ठेवून यावे.

आपला विश्वासू,
एक नेटवर्किंग व्यावसायिक, विश्रामबाग, सांगली