संगणकाचा चार्ज कोणी घ्यायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी कार्यालये कागदमुक्त होत असल्याच्या बातम्या आपल्या अंकात अधूनमधून येतात. वाचून बरे वाटते. नोकरीची बहुतेक वर्षे रेकॉर्ड रूममध्ये काढल्यामुळे कागदाबद्दल मला माया आहे, वाळवीबद्दल नाही. पण कागदाच्या जागी आलेल्या फायलींचे दहा-वीस वर्षांनी काय होते, हे कोणी विचारताना दिसत नाही.

दोन वर्षांपूर्वी एक जुना सहकारी माझ्याकडे आला. निवृत्ती तोंडावर आलेली आणि वेतननिश्चितीसाठी २००२ सालची ज्येष्ठता यादी हवी होती. कार्यालयाचे नाव लिहीत नाही, हे कुठेही घडले असते. छापील प्रत गहाळ. गठ्ठ्यात निघाली ती एक फ्लॉपी, लखोट्यात घालून रबरबँड लावलेली, वर निळ्या शाईत 'ज्ये. यादी अंतिम'. ती वाचणारे यंत्र कार्यालयात एकही नव्हते. राजारामपुरीतल्या एका दुरुस्तीवाल्याच्या माळ्यावर ते सापडले. फाइल उघडली, तर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची नुसती मिसळ! यादी श्री-लिपी नावाच्या जुन्या मराठी फाँटात टाइप केलेली होती. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर एकसारखी चालणारी अक्षरमांडणी, रुळण्याआधी प्रत्येक कंपनीच्या फाँटची अक्षरमांडणी वेगळी असे. तो फाँट नसला की मराठी मजकूर ओळखू येत नाही. एका डीटीपीवाल्याने खटपट करून तो पालटून दिला. नावे वाचता आली. पण ही यादी खरोखर अंतिम की आदल्या दिवशीचा मसुदा, सही कोणाची, जावक क्रमांक कोणता, याचा पत्ता नाही. पुरावा म्हणून चालणार नाही, असे साहेब म्हणाले. त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही.

त्याच महिन्यात पेठेतले एक कुटुंब पणजोबांच्या वेळचा मोडी कागद घेऊन आले होते. कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांना सध्या बरे दिवस आहेत. कागद कडेने फाटलेला, पण अर्ध्या तासात तारीख, गाव, शिक्का, सगळे लागले.

यावरून कागदच बरा असे कोणी म्हणेल. मला तसे म्हणायचे नाही. फरक चार्जचा, म्हणजे ताबा सोपवण्याचा आहे. कारकुनाची बदली झाली की तो चार्ज यादी करून देतो, घेणारा मोजून सही करतो. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. दरबार गेला, पण दप्तर रुमालांत बांधलेले राहिले आणि ताबा एकाकडून दुसऱ्याकडे गेला, म्हणून ते आज कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात बघायला मिळते. शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा, ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम करवीर सरकारच्या गॅझेटात छापला गेला, म्हणून त्याच्या शब्दांबद्दल आज वाद होत नाही. संगणकाचा मात्र असा चार्ज कोणी घेत नाही. नवी प्रणाली येते, सहा महिने दोन्ही चालतात, मग जुना सर्व्हर बंद होतो आणि देखभालीचा ठेका संपलेली कंपनी फोन उचलत नाही.

कायदा आड येत नाही. केंद्राच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात संगणकाने तयार झालेले साहित्यही अभिलेखच आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ७ तर स्पष्ट सांगते की इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुढे वापरता येईल असा राहिला पाहिजे आणि तो कोठून आला, कोठे गेला, कधी, हेही सोबत राहिले पाहिजे. आमच्या फ्लॉपीत नेमके तेच नव्हते. कोणता कागद कायम ठेवायचा आणि कोणता किती वर्षांनी काढायचा हे ठरवणारी आपल्याकडची अ, ब, क, ड वर्गवारी आणि कागद लावण्याची सहा गठ्ठे पद्धत संगणकातल्या फायलींना का लावत नाहीत, हे मला कळलेले नाही. सध्या दोनच प्रकार दिसतात: सगळे साठवायचे, नाहीतर जागा भरली की सगळे पुसायचे. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सुटलेल्या सूचना? २०१९ च्या महापुरात बोटी कुठे पाठवायच्या, छावणी कुठे उघडायची, हे ज्या ग्रुपवर ठरले असेल, ते अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर त्याच्या खिशातून गेले.

स्कॅनिंग म्हणजे जतन, हा समज तर आधी काढायला हवा. स्कॅन ही फक्त प्रत झाली. जुन्या पत्राच्या शेवटी मोर्तबाचा शिक्का उमटवीत, म्हणजे खाली कोणी चार ओळी घुसडायला नकोत. डिजिटल अभिलेखागारात तेच काम हॅश करतो: फाइलीतून काढलेला आकडा, एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. तो दरवर्षी ताडून पाहावा लागतो. फाइल पीडीएफ-ए सारख्या खुल्या स्वरूपात ठेवावी लागते, म्हणजे फाँट तिच्या पोटातच राहतो. डिजिटल सहीचे प्रमाणपत्र दोन-तीन वर्षांत संपते, तेव्हा सही वैध असतानाच वेळेचा विश्वसनीय शिक्का लागला पाहिजे. हे सगळे परदेशातून आणायला नको. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने 'डिजिटालय' नावाची प्रणाली याच कामासाठी केली आहे.

माझी मागणी मोठी नाही. जिल्ह्यात कोणतीही संगणक प्रणाली बंद करण्यापूर्वी तिची चार्ज यादी व्हावी आणि 'अ' वर्गाच्या, म्हणजे कायम ठेवायच्या फायली पुराभिलेखागाराने सही करून घ्याव्यात. त्यासाठी तिथे एक माहीतगार माणूस आणि जुनी यंत्रे चालवणारी एक खोली द्यावी. एक प्रत पंचगंगेच्या खोऱ्याबाहेर असावी; राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे आणि २०१९ ला पाणी ५५ फुटांवर गेले होते, हे शाहूपुरीतल्या तळमजल्यांना विचारावे.

सहकाऱ्याचे प्रकरण अजून लोंबकळतेच आहे. फ्लॉपी पुन्हा त्याच लखोट्यात, त्याच गठ्ठ्यात गेली. रबरबँड तुटला होता, तेवढा मी नवा लावला.

आपला,
एक निवृत्त अभिलेखपाल
मंगळवार पेठ, कोल्हापूर