रॅम विकताना बिलावर पूर्ण तपशील लिहा

महोदय,

२०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले, तेव्हापासून बेळगावच्या बाजारात मोडीत निघालेल्या लॅपटॉपमधल्या रॅमच्या पट्ट्याही सर्रास विकल्या जाऊ लागल्या आहेत. त्या वाईटच असतात असं नाही. वडगावात माझं लॅपटॉप दुरुस्तीचं काम आहे, मीही गिऱ्हाइकाला विचारून अशा पट्ट्या बसवतो. माझी तक्रार बिलाची आहे. त्यावर 'लॅपटॉप रॅम ८ जीबी' एवढंच खरडलेलं असतं, कधी बिलच नसतं. घरी जाऊन पट्टी चालली नाही, की 'पाकीट फोडलंय, आता परत घेत नाही' म्हणून माणसाला वाटेला लावतात.

मध्यंतरी जांबोटीकडचा एक कॉलेजचा मुलगा आला. वडिलांनी सेकंडहँड घेऊन दिलेला लॅपटॉप, इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, आत ४ जीबी रॅम. दुसरा स्लॉट रिकामा होता म्हणून त्याने ८ जीबीची डीडीआर३ (रॅमचा एक जुना प्रकार) पट्टी आणली. ती स्लॉटमध्ये चपखल बसली, कारण जुन्या-नव्या दोन्ही पट्ट्यांना पिना २०४ च. पण बटण दाबलं की पंखा फिरायचा, कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकायचा आणि डिस्प्ले काही यायचा नाही. गावातल्या एका जाणकाराने 'मदरबोर्ड गेला' असा निकालही देऊन टाकला होता. मी नवी पट्टी काढली, एकटी जुनी ठेवली, लॅपटॉप मुकाट सुरू झाला.

दोन्ही पट्ट्या टेबलावर शेजारी ठेवून त्याला लेबल वाचायला लावलं. जुनीवर 'पीसी३एल-१२८००एस', नवीवर 'पीसी३-१२८००एस'. फरक तिळाएवढ्या एका 'एल'चा. एल असलेली, म्हणजे डीडीआर३एल, पट्टी १.३५ व्होल्टवर चालते, नसलेलीला १.५ लागतात आणि इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनचे लॅपटॉप सहसा तेवढे देत नाहीत. उलट एलवाली पट्टी जुन्या १.५ व्होल्टच्या लॅपटॉपमध्ये सहसा चालून जाते. म्हणजे त्या पोराची पट्टीही धड होती आणि लॅपटॉपही.

इथेच कायद्याची गोची होते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. पण दुकानदार म्हणणार, माल सदोष कुठाय? आणि ते पूर्ण खोटंही नाही. बिलावर '८ जीबी, डीडीआर३एल, वेग १६००, १.३५ व्होल्ट, अमुक मॉडेलसाठी' अशी एक ओळ असती, तर मागितलं काय आणि दिलं काय याचा वादच उरला नसता.

डीडीआर४ आणि डीडीआर५ या पुढच्या प्रकारांमध्ये असा घोळ कमी. पहिलीला २६० पिना, दुसरीला २६२, पट्टीवरची खाचही वेगळ्या जागी, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. तरी अंगठ्याने दाबून स्लॉट मोडून आणणारे महाभाग मी बघितलेत. वेगाचा मात्र उगाच बाऊ केला जातो. २४०० वेगाच्या जोडीला ३२०० ची पट्टी टाकली तर दोन्ही २४०० ने चालतात, बिघडत काही नाही. 'दोन्ही नव्याच घ्या, नाहीतर बोर्ड जळेल' असं कुणी सांगितलं तर खुशाल समजावं, त्याला दोन पट्ट्या खपवायच्या आहेत.

नवा लॅपटॉप घेणाऱ्या पालकांनीही एक विचारून घ्यावं: रॅमला स्लॉट आहे का? पातळ मॉडेलमध्ये बऱ्याचदा ती बोर्डलाच सोल्डर केलेली (डाग देऊन पक्की जोडलेली) असते आणि पुढे वाढवता येत नाही. चालू लॅपटॉपमध्ये विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरी बघा. फॉर्म फॅक्टरपुढे 'सोडीम' असेल तर पट्टी काढता-घालता येते, 'रो ऑफ चिप्स' असेल तर बहुतेक ती सोल्डर केलेलीच. तिथेच किती स्लॉट वापरात आहेत तेही कळतं. काहींची ८ जीबी टाकूनही 'वापरायला साडेतीनच मिळतात' अशी तक्रार असते. तिथे आधी विंडोज ३२ बिटचं आहे का ते बघावं. तसं असेल तर ते ४ जीबीच्या वर जात नाही, पट्टी बदलून उपयोग शून्य.

पट्टी टाकल्यावर डिस्प्ले आला नाही तर घाबरून बोर्डाचा भाव विचारत फिरू नका. चार्जर काढा, आतल्या बॅटरीची वायर सोडवा, जुनी पट्टी एकटी लावा आणि वायर-चार्जर पुन्हा जोडून सुरू करून बघा. लॅपटॉप सुरू झाला तर बहुतेक बोर्ड शाबूत आहे. मग नवी एकटी, आधी एका स्लॉटमध्ये, मग दुसऱ्यात. आपल्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः खानापूरच्या पुढे, पट्टीच्या सोनेरी कडा काळवंडतात. त्या शाळेच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसल्या तरी निम्मी दुखणी बरी होतात. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटं पडदा काळाच राहू शकतो. लोक तेवढ्यात बटण दाबून बंद करतात आणि पट्टी खराब म्हणून परत घेऊन येतात.

दुकानदारांना एवढीच विनंती, की पट्टी विकण्याआधी लॅपटॉपचं मॉडेल विचारा आणि गिऱ्हाइकाने लॅपटॉप बरोबर आणला असेल तर काउंटरवरच बसवून, सुरू करून दाखवा. चंदगड, निपाणी, खानापूरहून माणूस बस बदलत येतो, एका पट्टीसाठी त्याचा दुसरा दिवस मोडू नये. जूनमध्ये ॲडमिशनच्या गर्दीत वेळ नसतो, हे मलाही माहीत आहे. काही मॉडेलचं सगळं बूड उघडावं लागतं हेही खरं. त्याची मजुरी जरूर लावा, बिलात लिहून लावा, लोक देतात.

आपला,
एक लॅपटॉप दुरुस्तीवाला,
वडगाव, बेळगाव