माहीत आहे, पण आठवत नाही

सातारा,
१४ जुलै

प्रिय दिल्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "अण्णा ओळखतात ना अजून?" आणि मी नुसतं हो म्हणून विषय बदलला. मागे टीव्ही चालू, सुमा दुधाचा हिशेब विचारतेय, अशात काय सांगणार? म्हणून आज लिहायला बसलोय.

ओळखतात. मला, सुमाला, फोनवरच्या तुझ्या आवाजालासुद्धा. महाबळेश्वर गाडीचे थांबे विचार, मेढा, केळघर करत घाट चढवून तुला वर सोडतील. तिकिटांची पेटी गळ्यात अडकवून आयुष्य त्याच रस्त्यावर गेलं ना. पण दुपारी तीनला म्हणतात, आज कुणी जेवायला दिलंच नाही. ताट अजून मोरीत पडलेलं असतं.

रविवारी मी सहज विचारलं, "अण्णा, दिल्याच्या लग्नाला गेलो होतो, आठवतं?"

"हो तर. मालवणला. मे महिना होता."

मला एकदम बरं वाटलं. म्हटलं, "आणि सिंधुदुर्गाच्या होडीत काय झालं होतं?"

बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गेलो होतो हे माहीत आहे रे. आठवत नाही."

शाळेत जीवशास्त्र शिकवून केस पांढरे झाले, पण हा फरक इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आला नव्हता. एंडेल टल्विंग या मानसशास्त्रज्ञानं १९७२ साली तो मांडला. मालवण किनाऱ्यावर आहे, ही माहिती. आपण त्या किनाऱ्यावर उभे होतो आणि पायाखालची वाळू भाजत होती, हा प्रसंग. प्रसंग आठवताना माणूस मनानं तिथे परत जाऊन येतो. टल्विंगनं टोरांटोत के.सी. नावानं ओळखला जाणारा एक रुग्ण वर्षानुवर्षं तपासला. १९८१ साली मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या मेंदूला मार लागला होता. बुद्धिबळ खेळायचा, शिकलेलं बरंचसं शाबूत होतं, पण स्वतःच्या आयुष्यातला एकही प्रसंग आठवेना. आणि उद्या काय करणार असं विचारलं, तरी डोक्यात तसंच कोरं. मागे जायचा रस्ता बंद झाला की पुढचाही बंद होतो म्हणे. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही, कारण अण्णांनी "उद्या" हा शब्द शेवटचा कधी वापरला ते मला सांगता येईना.

डॉक्टरांनी एमआरआय दाखवला. हिप्पोकॅम्पस आक्रसलाय म्हणाले. प्रसंगांच्या आठवणी घडवणारा मेंदूचा भाग तो, आत दोन्ही कानांच्या बाजूला एकेक असतो. आकारावरून नाव पडलं, समुद्रघोडा. तुमच्याच गावचा प्राणी.

आता कावळ्याचं सांगतो. हसू नकोस. स्वयंपाकघराच्या खिडकीत एक कावळा येतो आणि अण्णा त्याला चपाती टाकतात. तो सगळी खात नाही. उरलेला तुकडा पत्र्याच्या पन्हाळीत खुपसतो, वर एक वाळकं पान ओढतो, मान वाकडी करून बघतो आणि मग उडतो. दुसऱ्या दिवशी थेट तिथेच येतो.

याच कुळातला स्क्रब जे नावाचा निळसर अमेरिकन पक्षी आहे. निकोला क्लेटन आणि अँथनी डिकिन्सन यांनी १९९८ साली त्याच्यावर जो प्रयोग छापला, तो मी दहावीच्या पोरांना गोष्टीसारखा सांगतो. बर्फाचे ट्रे घेतले, त्यात वाळू भरली. पक्ष्यांनी एकीकडे शेंगदाणे पुरले, दुसरीकडे मेणकिड्याच्या अळ्या. अळ्या म्हणजे त्यांचा जीव की प्राण, पण त्या सडतात, हे त्यांनी आधी अनुभवलेलं. चार तासांनी सोडलं तर पठ्ठे अळ्यांकडे. १२४ तासांनी, म्हणजे पाच दिवस उलटल्यावर सोडलं, तर अळ्या सोडून शेंगदाण्यांकडे! वासाचा आधार नको म्हणून चाचणीच्या वेळी पुरलेलं सगळं काढून घेतलेलं. म्हणजे काय पुरलं, कुठे पुरलं आणि किती वेळ झाला, तिन्ही गोष्टी त्या एवढ्याशा डोक्यात एकत्र होत्या. अळ्या सडतात हे ज्यांना कधी कळलंच नव्हतं, ते मात्र पाच दिवसांनीही अळ्याच शोधत बसले. पुढे २००१ साली आणखी एक गंमत निघाली. पुरताना कुणी बघत असेल तर हा पक्षी नंतर एकटा असताना माल दुसरीकडे हलवतो, पण ज्यानं स्वतः कधी चोरी केलीय तोच. चोराच्या मनात चांदणं!

क्लेटनबाईंनी याला सरळ "प्रसंगांची आठवण" म्हटलं नाही, "तिच्यासारखी" म्हटलं. मला ती सावधगिरी आवडते. पक्ष्याला नुसतं माहीत आहे, की तो क्षण त्याच्यासमोर पुन्हा उभा राहतो, हे त्याला विचारणार कसं? अण्णा निदान सांगू तरी शकले.

तुझ्या ताटातली माकूळही सुटलेली नाही बरं का. ज्यांच्या पाठीतून समुद्रफेन निघतो, त्या जातीच्या २४ माकुळांचा अभ्यास २०२१ साली आला. एका जागी दर तासाला साधी कोळंबी, दुसऱ्या जागी आवडती जिवंत कोळंबी, पण तीन तासांनीच. जागा रोज बदलायच्या, म्हणजे काय, कुठे आणि कधी खाल्लं हे लक्षात ठेवावं लागायचं. आयुष्य जेमतेम दोन वर्षांचं, तरी म्हाताऱ्या माकुळा तरण्यांइतक्याच हुशार निघाल्या. तिला हिप्पोकॅम्पसच नाही, मग आक्रसणार काय! मला तिचा थोडा हेवा वाटला, खरं सांगतो.

तर, होडी. त्या रविवारी मीच अण्णांना सगळं सांगितलं. धक्क्यावर त्यांनी सवयीनं डोकी मोजली, होडीवाल्याला म्हणाले, "चार सिटा जादा आहेत," आणि लोकांना खाली उतरवलं. त्यात तुझा मामा, नवी टोपी घातलेला. अण्णा ऐकून खूप हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग म्हणाले, "बरोबर केलं त्या कंडक्टरनं."

मी उठून आत गेलो.

रात्री मात्र एक गोष्ट खटकली. माझ्या डोळ्यांसमोर अण्णा त्या धक्क्यावर खाकी शर्टात उभे आहेत, छातीला बिल्ला. लग्नाला खाकी घालून कोण जातं रे? पण कितीही प्रयत्न केला तरी तो शर्ट उतरत नाही. म्हणजे त्यांचं पुसलं गेलंय, आणि माझं मी इतकी वर्षं सांगून सांगून शिवून घेतलंय.

तू धक्क्यावर होतास. मामा उतरताना काहीतरी बोलले होते, ते मला आठवत नाही. तुला आठवत असेल तर लिही, अण्णांना वाचून दाखवीन. आणि अल्बम माळ्यावर असला तर पावसाची उघडीप बघून काढ. अण्णांच्या अंगात काय होतं, तेवढं बघून कळव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विन्या