'आजचे कार्यक्रम'मध्ये एक ओळ ए.ए.साठीही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गटारी असो की थर्टीफर्स्ट, दुसऱ्या दिवशीच्या अंकात किती वाहनचालक दारू पिऊन सापडले, किती माल पकडला गेला, याचे आकडे ठळक येतात. यावेतच. पण त्याच सकाळी एखाद्या घरात 'आता बास, कुठेतरी न्यायलाच हवं' असे ठरलेले असते, आणि न्यायचे कुठे ते त्या अंकात मिळत नाही. कीर्तन, पुस्तक प्रकाशन, वधूवर मेळावा, मोफत मधुमेह तपासणी, सगळ्यांची वेळ आणि ठिकाण 'आजचे कार्यक्रम'मध्ये असते. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ए.ए. या संघटनेच्या मीटिंगचे नसते. ते छापायला सुरुवात करावी, एवढ्यासाठी हे पत्र.

माझे यजमान ए.ए.चे सभासद आहेत. मी अल-अनॉनला जाते. ती घरच्यांसाठीची वेगळी संघटना. यजमानांना दवाखान्यातून घरी सोडताना कागदावर 'ए.ए. मीटिंगला जावे' असे लिहून मिळाले होते. कुठे, कधी, हे वॉर्डात कुणालाच सांगता येईना. इंटरनेटवरच्या पत्त्यावर गेलो तर शाळेला कुलूप; ग्रुपने जागा बदललेली. शेवटी ओळखीच्या कंपाउंडरने सांगितले, कारण त्याचा थोरला भाऊ तिथे जात असे. बहुतेक लोक असेच कुणाच्या तरी ओळखीने पोचतात. ज्याला अशी ओळख नाही तो घरीच राहतो. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत, जी दिल्लीच्या 'एम्स'ने केली, दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकालाच कसले ना कसले उपचार मिळतात असे आढळले होते.

संघटनेच्या नावातच अनामिकता आहे, मग पेपरात कसे छापायचे, असे आपल्या कार्यालयात कुणी म्हणेल. गुप्त राहायचे असते ते माणसाचे नाव. खोलीचा पत्ता नव्हे. ए.ए.च्या अकराव्या परंपरेत, म्हणजे संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वात, वृत्तपत्रांत सभासदाची ओळख येऊ नये असे आहे, आणि ते योग्यच आहे. पण १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली ही चळवळ वाढली त्यात छापील शब्दाचा मोठा वाटा होता. १९३९ मध्ये क्लीव्हलँडच्या दैनिकाने लेखमाला छापली आणि तिथली वीसेक माणसे काही महिन्यांत काही शे झाली. १९४१ च्या मार्चमध्ये 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट'मध्ये एक लेख आला, आणि वर्षाच्या सुरुवातीला २,००० च्या आसपास असलेले सभासद वर्षअखेरीस ८,००० वर गेले. आपल्याकडून तर फक्त एक ओळ हवी आहे.

त्या ओळीत जागा, वार, वेळ, भाषा आणि मीटिंग ओपन की क्लोज एवढे असले तरी पुरे. ओपन मीटिंगला घरचे, शेजारचे, कुणीही बसू शकते. क्लोज मीटिंग फक्त ज्याला स्वतःला दारूचा त्रास आहे त्याच्यासाठी. बायको नवऱ्याला हाताला धरून क्लोज मीटिंगला आणते आणि तिला बाहेर बाकावर बसावे लागते, हे मी कितीदा पाहिले आहे. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव कुणी विचारत नाही. दारू सोडायची इच्छा हवी, दुसरी अट नाही. पहिल्या दिवशी गप्प बसून नुसते शेअरिंग, म्हणजे इतरांनी सांगितलेले स्वतःचे अनुभव, ऐकले तरी चालते. मध्ये कुणी टोकत नाही आणि उपदेशही करत नाही. (आपल्या समाजात हे दुर्मीळच.) शेवटी पिशवी फिरते, त्यात सभासदच ऐपतीप्रमाणे टाकतात. बाहेरची देणगी घेत नाहीत, म्हणून तिथे कुठल्या आमदाराचा फलक दिसणार नाही. प्रार्थना असते आणि 'उच्च शक्ती'चा उल्लेखही होतो, त्याने काही जण बिचकतात. अशांना मी सांगते, दुसऱ्या ग्रुपला जाऊन पाहा. प्रत्येक ग्रुपचा स्वभाव वेगळा असतो. बायका मात्र अजून फार कमी येतात. दारू त्याही पितात, पण त्या खोलीच्या दारापर्यंत येणे त्यांना पुरुषांपेक्षा खूप जड जाते. त्यांना निदान ऑनलाइन मीटिंगची माहिती मिळावी.

ओळीखाली एक सूचना न चुकता छापावी. रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरला न विचारता एकदम बंद करू नये. हातपाय थरथरणे, भास होणे, फिट येणे असे होते आणि त्यात जीवही जाऊ शकतो. मीटिंग म्हणजे दवाखाना नव्हे. सोबत १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन द्यावी.

अडचण एकच आहे. ग्रुप बऱ्याचदा शाळेच्या किंवा चर्चच्या खोलीत भरतात, त्यामुळे परीक्षा आणि सुट्टीच्या दिवसांत जागा बदलते. जुना पत्ता छापून राहिला तर आमच्यासारखी आणखी माणसे कुलूप बघून परत जातील. महिन्यातून एकदा आपल्या वार्ताहराने ग्रुपला फोन करून खात्री करून घ्यावी. जिल्हा आवृत्तीत तालुक्याच्या गावांचे ग्रुपही घ्यावेत, कारण गावच्या मीटिंगला ओळखीचे कुणी भेटेल या धास्तीने माणूस शेजारच्या तालुक्याला जाणे पसंत करतो.

पत्र छापल्यास माझे नाव देऊ नये, यजमानांची ओळख उघड होईल. नाव-पत्ता आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर जोडला आहे.

आपली,
एक वाचक